ठिगळ मारण्यात आले

नांदेडच्या आमच्या क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवणारे सर मुलांना कधी मारत नसत. ते फक्त विचारत, "कुनी?" पोरं म्हणायची, त्यापेक्षा मारलेलं परवडलं.

पेपरात एखाद्यानं "परीक्षानळीत द्रावण घेण्यात आले" असं लिहिलं की सर लाल पेनाने 'घेण्यात आले' याच्याखाली रेघ ओढायचे, समासात "कोणी?" असं लिहायचे आणि अर्धा गुण कापायचे. "मी द्रावण घेतले" असं लिहिलं की पुरे गुण. हे ज्या काळात चाललं होतं तो काळ लक्षात घ्या. भूकंपानंतरची पाच-सात वर्षं. लातूर आणि नांदेडला गल्लीगल्लीत क्लास निघालेले, चाकूर-औशाकडून पत्र्याच्या पेट्या घेऊन पोरं उतरत होती, आणि अर्ध्या गुणानं डॉक्टरकी हुकली म्हणून आया महिनाभर चूल नीट पेटवत नव्हत्या. अशा दिवसांत हा गृहस्थ व्याकरणासाठी अर्धा गुण कापत होता, तेही केमिस्ट्रीत.

एकदा एका पोरानं हिंमत केली. "सर, पुस्तकातबी असंच लिव्हलंय."

"पुस्तकाचेबी कापले असते," सर शांतपणे म्हणाले. "पन त्याचा रोल नंबर ठावूक न्हाई मला."

मी त्याच क्लासात फिजिक्स शिकवायचो. आमच्या संचालकांना नोटिसा काढायची फार हौस. "सर्व शिक्षकांना कळविण्यात येते की" अशी नोटीस लागली की दुपारच्या आत तिच्याखाली लाल अक्षरात प्रश्न उमटलेला असायचा, "कोण कळवतंय?" संचालक मला बोलावून म्हणायचे, "तुम्ही त्यांचे मित्र, तुम्ही समजवा." मी 'हो' म्हणायचो आणि समजवायचो नाही. एक तर मला मजा यायची, दुसरं म्हणजे माझी टाप नव्हती.

सर मूळचे औसा तालुक्यातले. अंगात कायम सफारी, तिच्या खिशात एक लोहचुंबक, एक पॉलिश पेपरचा तुकडा आणि होमिओपॅथीच्या बाटलीत मोरचुदाचे निळे खडे. लग्नाला गेले तरी नवरा-नवरीपेक्षा आधी मांडवातला नळ बघायचे. लोखंडी पाइपाला पितळी तोटी बसवलेली दिसली की वधूपित्याला गाठून म्हणायचे, "पाइप गळायला लागला तर पाइपाला शिव्या देऊ नका. शेजारी कोन बसवलाय ते बगा." बिचारा वधूपिता हात जोडून "जेवून जा" म्हणायचा.

'शेजार बघा' हा त्यांचा दुसरा मंत्र. दोन धातू एकमेकांना चिकटून ओलाव्यात राहिले की त्यांच्यातला एक खंगतो आणि दुसरा मजेत राहतो, हे ते पाण्याचा ग्लास, लोखंडी सळई आणि तांब्याचा पैसा यांवर दहा मिनिटांत शिकवायचे. मग तोच नियम ते सगळ्या जगाला लावत सुटायचे. चाकूरचे एक पालक आले, पोरगं खोलीवर राहून वाळत चाललंय, अभ्यास होईना. सरांनी एकच विचारलं, "खोलीत संगं कोन ऱ्हातंय?" संग होता तो आमच्या क्लासचा टॉपर, भिंतीवरसुद्धा त्याचा फोटो. "म्हनूनच," सर म्हणाले आणि पोराला दुसऱ्या खोलीवर हलवायला लावलं. पोरगं पास झालं. टॉपरचं काय झालं असं मी विचारलं तर म्हणाले, "त्याला काय हुतंय? तांब्याला कधी काय झालंय का?"

'कुणी?'ची गोष्ट मात्र गमतीची नव्हती. ती त्यांनी मला एकदाच सांगितली, चहाच्या गाड्यावर, बशीत फुंकर मारत. भूकंपाच्या वेळी ते एका खेड्यातल्या शाळेत होते. नंतर वरून छापील फॉर्म आला, आणि त्यात आधीच वाक्य होतं, "शाळा बंद ठेवण्यात आली." खाली फक्त तारीख भरायची होती. "शाळा कुनीच बंद ठिवली नव्हती हो," सर म्हणाले. "म्या रोज उघडून बसत हुतो. पोरंच आली न्हाईत." मग त्यांनी बशी तोंडाला लावली आणि मी गाड्यावरच्या बरण्या मोजत बसलो. त्यानंतर त्यांच्या लाल पेनाची थट्टा मी करत राहिलो, पण पूर्वीसारखी मोकळी नाही.

ज्या होडीची ही गोष्ट, ती होडीसुद्धा भूकंपाचीच. हे ऐकून लोक हसतात, आम्हीही हसायचो. त्या वेळी जगभरातून मदत आली. तंबू आले, औषधं आली, आमच्या उन्हात घालायला लोकरीचे ओव्हरकोट आले. आणि कुठल्या तरी समुद्राकाठच्या भल्या माणसांनी एक ॲल्युमिनियमची होडी पाठवली. औशाकडे, जिथं पाणी टँकरने येतं. ती दोन-तीन वर्षं एका गोदामात पालथी पडली होती, तिच्यावर हरभरा वाळवायचे. शेवटी नांदेडच्या एका सरकारी खात्यानं ती गोदावरीवर आणली, पुरात आणि विसर्जनाला उपयोगी पडेल म्हणून, आणि घाटाजवळ साखळीनं बांधून ठेवली.

तिच्यावर रोजंदारीनं ठेवला गफूरभाई. गफूरभाईचं घराणं कल्हईवाल्यांचं. आज्ज्यापासून तांब्या-पितळेची भांडी कल्हई करायची, फुटली तर ठिगळ मारायचं, नव्या हंड्यावर टोचणीनं ठिपक्याठिपक्यांचं नाव घालायचं. मग घराघरात स्टीलची भांडी आली आणि भाता थांबला. पन्नाशीत माणूस होडीवाला झाला. सरांची आणि त्याची गट्टी लगेच जमली. दर रविवारी सर घाटावर जाऊन बसायचे आणि दोघं तासन्‌तास कथील, नवसागर आणि शिसं यांविषयी बोलायचे, लोक जावयाविषयी बोलतात तसे.

एका रविवारी सर माझ्या घरी आले ते सरळ म्हणाले, "फिजिक्सवाले, तुमचं मीटर घ्या आन चला." माझं मल्टिमीटर मी कुणाला हात लावू देत नसे. हैदराबादहून आणलेलं, चामड्याच्या पाकिटातलं. पण सरांचा चेहरा बघून मी चपला घातल्या.

वाटेत त्यांनी सांगितलं. होडीला भोकं पडत होती. एक बुजवलं की दुसरं, बारीक, सुईनं टोचल्यासारखी. खात्याच्या साहेबानं ठरवून टाकलं होतं की गफूर होडी दगडावर आपटतो नाहीतर मुद्दाम टोचतो, रोज नदीवर जायचा कंटाळा म्हणून. होडी भंगारात काढायची आणि गफूरला कामावरून कमी करायचं, असा कागद तयार होता. फक्त सहीचा अवकाश होता. घरी दोन पोरी लग्नाच्या, म्हातारी अंथरुणाला खिळलेली, आणि कल्हईला कोण विचारतंय?

घाटावर गफूरभाई उकिडवा बसला होता. आम्हाला बघून उठला. "सर, कसम से, म्या न्हाई टोचली. लेकराला कोन टोचतंय का?"

"बसा हो," सर म्हणाले. "होडीला इचारू."

होडी काठाशी कलती करून त्यांनी आधी नुसती नजर फिरवली. मग बोटानं एक पांढरी भुकटी खरवडून वास घेतला. ॲल्युमिनियम असं भुकटी होऊन उतरतं, ते म्हणाले. भोकं सगळीकडे नव्हती. एकाच ठिकाणी, वीतभर जागेत, गोल रिंगण करून होती. आणि त्या रिंगणाच्या मधोमध एक ठिगळ होतं, तांब्याचं. काय ठिगळ होतं! कडा नखाला लागू नयेत अशा घोटलेल्या, तांब्याचेच रिबीट एका ओळीत, वर कल्हईची चकाकी. पहिल्या वर्षी होडी खरोखर एका खडकाला लागली होती, तेव्हा गफूरभाईनं आपल्या पदरचा, आज्ज्याच्या हंड्याचा पत्रा कापून ते बसवलं होतं.

सर ठिगळाकडे बघतच राहिले. दुसऱ्या कुणाचं ठिगळ असतं तर मी पैज लावली असती की आता विचारणार, "कुनी?" त्यांनी विचारलं नाही.

मग त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकची एक नळी काढली. खालच्या तोंडाला खडू घट्ट बसवलेला, आत मोरचुदाचं गडद पाणी आणि तांब्याची तार. हा त्यांचा घरगुती मापाचा गज. मीटरची एक वायर होडीला आणि दुसरी नळीतल्या तारेला लावून होडी परत पाण्यात ढकलली, आणि नळी पाण्यात बुडवून ते होडीच्या कडेकडेनं गुडघाभर पाण्यात चालू लागले, सफारीसकट. मी आकडे वाचायचो. ठिगळापासून लांब आकडा जवळजवळ एकच राहायचा. ठिगळ जवळ आलं की तो सरकायला लागायचा, आणि लांब गेलं की परत जागेवर यायचा. पाच वेळा केलं, पाचही वेळा तसंच.

"म्हनजे?" गफूरभाईनं विचारलं.

सरांनी नळी माझ्या हातात दिली. ते मागच्या बाजूला गेले, होडीच्या बुडाखाली हात घालून चाचपलं आणि म्हणाले, "हे काय हाय?" तिथं विटेएवढी एक वडी बोल्टनं बसवलेली होती, होडीबरोबरच आलेली, निळ्या ऑइलपेंटनं चकचकीत रंगवलेली.

"साहेब बोल्ले, मंत्री येनार, सगळं निळं पायजे," गफूरभाई म्हणाला. "सोता हुबे राहून तीन हात मारून घेतले."

सरांनी पॉलिश पेपरनं रंग खरवडला. आत जस्त, कोरं करकरीत, कणभरही झिजलेलं नाही. सर मटकन काठावर बसले आणि पहिल्यांदा हसले. "अरे, ह्याला खपायलाच पाठवला हुता! होडीच्या आधी ह्यानं झिजायचं, म्हनजे होडी वाचती. तुमी त्याला झूल घालून पोळ्याचा बैल केला!"

हसणं थांबल्यावर ते गफूरभाईकडे वळले. हा क्षण ते टाळत होते, हे मला तेव्हा कळलं. तांबं आणि ॲल्युमिनियम पाण्यात एकमेकांना चिकटले की ॲल्युमिनियम खंगतं. भोकं ठिगळानं पाडली होती.

गफूरभाईनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. बराच वेळ तिची कड दाबत राहिला. "सर, आमच्या तीन पिढ्या तांब्यावर गेल्या," तो म्हणाला. "तांबं दगा देत न्हाई."

"तांबं चोख हाय, गफूरभाई. ठिगळबी चोख हाय. असं ठिगळ म्या जन्मात पाह्यलं न्हाई." सरांनी पॉलिश पेपर खिशात टाकला. "जोडी चुकली. शेजार चुकला, दुसरं काय न्हाई."

दुरुस्तीला मग आठ दिवस लागले. ठिगळ उतरवलं. त्याच्या जागी ॲल्युमिनियमचा पत्रा, ॲल्युमिनियमचेच रिबीट, मध्ये रबर. भोकंही तशीच बुजवली. लोखंडी साखळी होडीला घासायची तिथं सायकलची जुनी ट्यूब चढवली. जस्ताबद्दल सर म्हणाले, हे समुद्राच्या खाऱ्या पाण्याचं औषध, आपल्या गोड्या पाण्यात ते सुस्त पडतं, इथं मॅग्नेशियम पाहिजे. नांदेडात मॅग्नेशियम कुठून आणायचं? सर गिझर दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. गिझरच्या टाकीत तिला गंज लागू नये म्हणून मॅग्नेशियमची एक काठी असते, हे मला फिजिक्स शिकवून पंधरा वर्षं झाली तरी ठाऊक नव्हतं. तसल्या काठ्या त्यांनी आणल्या आणि एकेक लावून मीटर बघत गेले. दोन लावल्यावर थांबले. "जास्त लावल्या तरी ॲल्युमिनियम बिघडतंय. औषीद हाय, जेवन न्हाई." आणि गफूरभाईला बजावलं, दर महिन्याला बघायचं, निम्मी झिजली की बदलायची, आणि रंग लावायला आला तर मंत्र्याचासुद्धा हात धरायचा.

तिकडे क्लासमध्ये पहिल्या बाकावर आठवडाभर तीन बादल्या होत्या. तिन्हींत गोदावरीचं पाणी आणि ॲल्युमिनियमचा तुकडा. दुसरीत त्याला तांब्याचा रिबीट, तिसरीत रिबीट आणि मॅग्नेशियमही. संचालक म्हणाले, बोर्ड तोंडावर आलंय आणि सिलॅबसमध्ये बादली नाही. पण पोरं रोज आधी बादल्यांत डोकावून मगच जागेवर बसायची. शनिवारी दुसऱ्या बादलीतला तुकडा रिबिटाभोवती पांढरा फटक पडलेला होता, आणि तो कागदात गुंडाळून सर साहेबाला दाखवायला निघाले.

अडचण अहवालाची होती. साहेब म्हणाला होता, लेखी द्या. सरांनी लिहायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीवर पेन थांबलं. खरं लिहायचं तर लिहावं लागणार होतं की ठिगळ गफूरनं मारलं. एवढं एक वाक्य वाचलं की साहेब पुढचं काही वाचणार नव्हता, गफूर घरी जाणार होता. माझ्यासमोर तो माणूस तासभर त्या ओळीवर बसून होता. मग त्यांनी जे लिहिलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. त्यांनी लिहिलं, "सदर होडीस तांब्याचे ठिगळ मारण्यात आले. तसेच जस्ताच्या वडीस निळा रंग देण्यात आला." लिहून झाल्यावर घाम पुसला, जणू चोरी करून आले.

साहेबानं अहवाल वाचला, तुकडा उलटसुलट करून बघितला आणि चष्मा वर करून विचारलं, "ठिगळ कुणी मारलं?"

अख्ख्या मराठवाड्यात हा प्रश्न सरांना विचारणारा तो पहिला माणूस. दाराशी गफूरभाई उभा होता.

"साहेब," सर म्हणाले, "वाक्यं दोन हायत. दोन्हीत कुनीतरी हाय. इचारायचं तर दोन्हीचं इचारावं लागंल."

साहेबानं दुसरं वाक्य पुन्हा वाचलं. निळा रंग. त्याचा चेहरा हळूहळू ओळखीचा होत गेला, म्हणजे चूक कळलेल्या विद्यार्थ्याचा. त्यानं पेन उचललं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "होडी सुस्थितीत आढळून आल्याने कामावरून कमी करण्याचा प्रस्ताव रद्द करण्यात येत आहे."

एवढ्यात गफूरभाई आत आला. तीन पिढ्यांचा कारागीर, त्याला राहवेना. "साहेब, झूट कामून? ठिगळ म्या मारलं. काम माझं हाय."

साहेबानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "गफूर, गप बस. ते मारण्यात आलंय."

बाहेर आल्यावर मी इतका हसलो की पायरीवर बसावं लागलं. सर हसले नाहीत. त्यांनी अहवालाची कार्बन प्रत माझ्याकडून घेतली, लाल पेन काढलं, दोन्ही 'आले-आला'खाली रेघा मारल्या आणि समासात लिहिलं, "कोणी? – एक गुण कमी." मग प्रत मला परत दिली. ती अजून माझ्याकडे आहे. सरांनी पूर्ण गुण न मिळवलेला तेवढा एकच पेपर.

पुढे माझी बदली झाल्यासारखं झालं, मी दुसऱ्या क्लासात गेलो, मग निवृत्त झालो. सर औशाला परतले. पत्रं यायची, मग थांबली. गेल्या वर्षी स्थानिक पेपरात आमच्या जुन्या क्लासनं चार ओळी छापल्या होत्या. सर गेले होते, आणि "संस्थेतर्फे त्यांना श्रद्धांजली अर्पण करण्यात आली." माझा हात आपोआप पेनाकडे गेला. समासात लिहून झालं, "कोणी?", आणि मला स्वतःचीच शरम वाटली. कारण मी काहीच केलं नव्हतं. मी तर त्यांना भेटायलाही गेलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाटावर गेलो. होडी होती. गफूरभाई थकलेला, पण होता. मी बातमी सांगितली. त्यानं साखळी ओढून होडी काठाला घेतली आणि आतल्या बाजूचं ॲल्युमिनियमचं ठिगळ मला दाखवलं. त्यावर हंड्यावर घालतात तशी ठिपक्यांची अक्षरं होती. "मारलं गफूर. सांगितलं सर."

"कधी घातलं?" मी विचारलं.

"त्याच दिशी. हाफिसातून आलो आन बसलो. साहेब काय बी लिवो."

मी म्हणालो, "गफूरभाई, मीटर माझं होतं."

त्यानं माझ्याकडे बघितलं, पेटीतून टोचणी आणि हातोडी काढली, आणि चष्मा नाकावर सरकवून तिसरी ओळ घातली, "मीटर फिजिक्सवाले." आमच्या दोघांचेही डोळे वाहत होते, त्यामुळे 'फि' जरा वाकडा आलाय.

मग त्यानं बुडाखाली हात घालून चाचपलं. मॅग्नेशियमची एक काठी करंगळीएवढी उरली होती. नवी त्याच्याकडे होतीच. बोल्ट मी धरला, पाना त्यानं फिरवला.

घरी येऊन मी पेपरचं ते कात्रण काढलं आणि "कोणी?"च्या पुढे उत्तर लिहिलं. गफूरभाईने आणि मी. होडीची काठी बदलून.